पोपटांच्या चॉपसाठी दोरीचा चॉपर, सव्वा वर्ष वापरून झाल्यावर

माझ्याकडे दोन छोटे पोपट आहेत, मोती नावाचा कॉकटील आणि किवी नावाची ग्रीन चीक कॉन्युर. या दोघांचं ताजं खाणं, म्हणजे चॉप, करायला सव्वा वर्षापूर्वी मी दोरी ओढून फिरवायचा साधा हँड चॉपर घेतला. तीन पाती, साधारण ९०० मिलीचं भांडं, झाकणात दोरी आणि तिचं हँडल, वीज नाही बॅटरी नाही. या चॉपरचे रिव्ह्यू भरपूर सापडतात पण सगळे कांदा किती बारीक होतो यावर, पोपट पाळणाऱ्यांना जे प्रश्न पडतात ते त्यात कुठेच नसतात, म्हणून हे लिहितेय. थोडक्यात हवं असेल त्यांच्यासाठी आधीच सांगते: छोटे पक्षी असतील तर घ्या, लहान साइजचा घेऊ नका, आणि घरच्या स्वयंपाकाच्या चॉपरमध्ये पक्ष्यांचं करू नका, त्यांचा वेगळा ठेवा. का ते खाली येतंच.

मोती माझ्याकडे आला तेव्हा तीन वर्षांचा होता आणि तोपर्यंत फक्त सीड मिक्सवर वाढलेला, त्यातही सूर्यफुलाच्या बिया निवडून खायचा आणि बाकीचं उडवून द्यायचा. वजन ११२ ग्रॅम. एव्हियन व्हेटकडे, म्हणजे पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी चोच उघडून आत टाळूकडे बघितलं आणि म्हणाले की व्हिटॅमिन ए कमी पडतंय, आत जे बारीक काट्यांसारखे उंचवटे असायला पाहिजेत ते बोथट झालेत. सतत शिंकायचा, पिसांना चमक नव्हती, ते मी थंडीवर ढकलत होते. बियांमध्ये फॅट खूप आणि व्हिटॅमिन ए, कॅल्शियम जवळपास नाहीच, नुसत्या बियांवर राहिलेल्या पोपटांमध्ये हे कायम दिसतं, आणि पुढे लिव्हरवर चरबी चढते ते वेगळंच. त्यांनी पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या) सुरू करायला सांगितले आणि सोबत रोज ताज्या भाज्या, मुख्यतः केशरी आणि गडद हिरव्या. सप्लिमेंटचे थेंब मी स्वतःहून विचारले होते पण ते म्हणाले व्हिटॅमिन ए जास्त झालं तरी त्रास होतो, गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन शरीर लागेल तेवढंच व्हिटॅमिन ए मध्ये बदलून घेतं, म्हणून खाण्यातून देणं बरं.

सांगणं सोपं होतं, मोतीला गाजर खायला लावणं अजिबात सोपं नव्हतं. गाजराचा तुकडा वाटीत दिसला की तो पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन फिस्कारायचा. जे पक्षी लहानपणापासून एकच गोष्ट खात आलेत त्यांना नवीन वस्तू म्हणजे खाणं वाटतच नाही, धोका वाटतो. आणि किवीचं उलटं, ती सगळं तोंडात घेणार पण वेगवेगळे तुकडे दिले की मक्याचे दाणे आणि डाळिंब संपवून पालेभाजी खाली टाकणार. म्हणून चॉप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चॉप म्हणजे भाज्या, पाला, शिजवलेलं धान्य, कडधान्य सगळं बारीक चिरून एकत्र कालवलेलं मिश्रण, ज्यात प्रत्येक घासाला चार-पाच गोष्टी एकमेकांना चिकटलेल्या असतात आणि निवडानिवड करायला फारसा वाव राहत नाही.

आता ते बारीक कसं करायचं हाच सगळा प्रश्न आहे आणि तिथेच हा चॉपर आला. आधी सुरीने करायचे, एका खेपेला पाऊण तास जायचा आणि शेवटचं ब्रोकोली चिरताना हात एवढा भरून यायचा की तुकडे मोठेच राहायचे. मग मिक्सर, तो तर सगळ्याचा लगदाच करतो, पल्सवर केलं तरी खाली चटणी आणि वर अख्खे तुकडे. लगदा मोतीच्या चोचीला चिकटायचा, तो गजावर चोच घासून पुसत बसायचा आणि परत वाटीकडे यायचा नाही. शिवाय भाजी एवढी वाटली की पाणी सुटतं आणि पाणी सुटलेलं खाणं लवकर आंबतं. मग बहिणीचा इलेक्ट्रिक फूड प्रोसेसर आणून बघितला, काम चांगलं करतो पण आवाज! कॉकटील किती घाबरट असतात ते ज्यांच्याकडे आहेत त्यांना सांगायला नको, मोतीने पिंजऱ्यात अशी फडफड केली की शेपटीची दोन पिसं तुटली. दुसऱ्या दिवशी परत केला.

दोरीच्या चॉपरला घर्रर्र असा छोटा आवाज आहे, तोसुद्धा ओढू तेवढाच. पहिले तीन-चार दिवस मी रिकामा चॉपर पिंजऱ्यापासून लांब बसून ओढला, मग रोज थोडं जवळ आणून, दर वेळी किवीला एक ट्रीट. आता तो आवाज आला की किवी हाका मारायला लागते.

पण खरा फायदा आवाजाचा नाही, साइजचा आहे. यात किती वेळा दोरी ओढली त्यावर तुकडा किती मोठा राहणार ते ठरतं आणि दोन पक्ष्यांना दोन वेगळे साइज लागतात हे मला हा वापरायला लागल्यावरच कळलं. कॉन्युर पायात धरून खाते. तिला वाटाण्याएवढा तुकडा द्या, उचलेल, पायात घेईल, फिरवून बघेल, कुरतडेल. एकदम बारीक दिलं तर तिला कंटाळा येतो आणि वाटीच उलटी करते. कॉकटील सहसा पायात धरून खातच नाहीत, ते जमिनीवरचे दाणे वेचणारे पक्षी, त्यांना दाण्यासारखं काहीतरी लागतं. तर भाज्या भरून पाच-सहा वेळा ओढलं की किवीचा वाटा काढून घ्यायचा, उरलेल्याला अजून सात-आठ ओढे की मिलेटच्या दाण्याहून जरा मोठा, सुटा-सुटा चुरा होतो, तो मोतीचा. वीस-पंचवीसच्या वर गेलात की पाणी सुटायला लागतं, तिथे थांबायचं. पोपटाच्या तोंडात चवीच्या कळ्या ३०० ते ४०० च्या आसपास असतात, आपल्या हजारोंमध्ये असतात, पण चोचीच्या टोकाशी आणि जिभेला स्पर्श फार बारीक कळतो. त्यामुळे मला तरी वाटतं की भाजी आवडत नाही म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं निम्मं प्रकरण आकाराचं असतं. ज्या दिवशी मोतीने पहिल्यांदा गाजर गिळलं त्या दिवशी ते मिलेटच्या साइजचं होतं आणि मिलेटमध्येच कालवलेलं होतं. मी स्वयंपाकघरातून बघत होते, हललेसुद्धा नाही.

आता भरायची पद्धत, कारण यात चुकलं की लोक चॉपरला नावं ठेवतात. कच्चं गाजर, रताळं, भोपळा अख्खे मोठे टाकले तर पातं अडकतं, दोरी जोरात ओढली की आतून कट्ट असा आवाज येतो आणि तिथेच तो आयुष्यातनं उठतो. पहिल्यांदा सुरीने दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. भांडं निम्म्याच्या वर भरू नका, म्हणूनच लहान साइजचा नको म्हटलं. कडक भाज्या आधी, चार ओढे, मग ढोबळी मिरची, ब्रोकोली, मटार, मग सगळ्यात शेवटी पाला. पाला आधी टाकला की दांड्याभोवती गुंडाळून बसतो आणि पाती नुसती फिरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाज्या धुतल्यावर पूर्ण कोरड्या करा, मी रात्री धुवून कपड्यावर पसरून ठेवते आणि सकाळी करते. ओल्या भाज्यांचं चॉप दुसऱ्या दिवशी डब्यात पाण्यात तरंगत असतं, फ्रीजरमधून काढल्यावर तर त्याकडे बघवत नाही. काकडी, टोमॅटो, कलिंगड मी चॉपमध्ये घालतच नाही, ते वेगळं ताजं देते.

रताळं मी वाफवून घेते. राजमा, चवळी असलं काही असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, पूर्ण मऊ शिजवून. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात लेक्टिन असतं आणि ते पक्ष्यांनाही विषारी आहे, कमी आचेवर नुसतं कोमट ठेवून ते जात नाही, व्यवस्थित उकळावंच लागतं. मूग मात्र मोड आणून देते, मोड अगदी छोटे, शेपूट दिसायला लागली की लगेच, दिवसातून दोन-तीनदा धुवून, आणि जराही आंबूस वास आला तर सगळे टाकून. किन्वा घालायचा तर आधी चोळून धुवा, त्याच्यावर कडवट साबणासारखा थर असतो. शिजवलेलं धान्य चॉपरमध्ये घालू नका, चिकट गोळा होतो, ते बाहेर हाताने कालवा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, मी पालक एका खेपेला घातला तर पुढच्या खेपेला कोबीवर्गातला पाला किंवा कोथिंबीर घालते. मीठ, तेल, मसाला काही नाही. मिरची चालते हं, हे ऐकून आमच्या आईला धक्काच बसला होता, पण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यांच्यातला तिखट ओळखणारा रिसेप्टर मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देत नाही. किवी मिरचीच्या बिया आधी शोधून खाते. फक्त त्या दिवशी चॉपरची पाती धुतल्यावर डोळ्याला हात लावू नका.

चॉपर वेगळा का ठेवायचा ते आता. प्लास्टिकच्या भांड्याला लसणाचा-कांद्याचा वास कितीही घासलं तरी राहतो, आणि कांदा-लसूण या पक्ष्यांना द्यायचे नसतात, लाल पेशींवर परिणाम होतो. अ‍ॅव्होकॅडो तर पक्ष्यांसाठी सरळ विष आहे, त्यातल्या पर्सिनमुळे पक्षी काही तासांत जाऊ शकतो, आणि घरातल्या चॉपरमध्ये त्याचं डिप कोणी कधी केलं हे आपल्याला माहीत नसतं. चॉकलेट, कॉफी, दारू हे तर नाहीच. म्हणून माझ्या चॉपरच्या झाकणावर मार्करने पक्षी लिहिलंय आणि तो वेगळ्या कपाटात असतो. स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर रताळं वाफवताना, धान्य शिजवताना नॉनस्टिक भांडं वापरू नका, ते जास्त तापलं तर कोटिंगमधून जो वायू निघतो त्याने पक्षी मिनिटांत मरतात, माणसाला वाससुद्धा येत नाही. आमच्या घरातून नॉनस्टिक गेलंय ते कायमचं.

एका बैठकीत मी दोनदा भांडं भरून करते, बर्फाच्या ट्रेचे तीस-पस्तीस खण भरतात, म्हणजे दोघांचे दोन आठवडे निघतात. चिरायला दोन्ही मिळून दहा मिनिटं. ट्रे गोठला की चौकोन काढून डब्यात, तारीख लिहून, दोन महिन्यांच्या आत संपवायचं. आदल्या रात्री दोन चौकोन फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचे, सकाळी वाटी कोमट पाण्यात ठेवून थंडपणा घालवायचा. मायक्रोवेव्ह नको, मध्येच एखादा भाग चटका बसेल एवढा गरम राहतो. वाटी दोन तासांनी उचलायची, उकाडा असेल तर त्याआधीच, खाल्लं असो वा नसो. उरलेलं टाकायला जीव होत नाही हे मला माहितीये, पण ओल्या खाण्यावर जंतू फार पटकन वाढतात आणि ९० ग्रॅमच्या जिवाला आजारी पडायला फारसं काही लागत नाही.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली, झाकण. सगळा गिअर, स्प्रिंग आणि दोरी झाकणात असते आणि ते पाण्यात बुडवायचं नसतं, बॉक्सवर हे अगदी बारीक अक्षरात होतं. मी पहिला महिनाभर नळाखाली धुतलं, मग एक दिवस झाकणातून कुबट वास यायला लागला. आत ओल राहिली होती. पक्ष्यांच्या बाबतीत बुरशी ही अजिबात खपवून घ्यायची गोष्ट नाही, त्यांची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या बुरशीला फार लवकर बळी पडतात. आता झाकण फक्त ओल्या फडक्याने पुसते, कोरड्याने पुसते आणि उलटं ठेवून वाळवते. कडेचं रबर मात्र प्रत्येक वेळी सोडवून धुवावं लागतं, त्याच्या खाचेत भाजीचा चुरा जाऊन बसतो.

दुसरी, दोरी. सातव्या महिन्यात सुटे धागे दिसायला लागले आणि आठव्यात तुटली. आईला तर दोरी ओढताच येत नाही, तिचा खांदा दुखतो, त्यामुळे मी घरी नसले की चॉप होत नाही. ज्यांना हाताचा किंवा खांद्याचा त्रास आहे त्यांनी हा घेऊ नये.

तिसरी मला सगळ्यात जास्त लागली. दोरी तुटायच्या थोडं आधी एकदा चॉप पसरताना त्यात पांढऱ्या प्लास्टिकचा नखाएवढा पातळ तुकडा दिसला. पात्यांचा मधला दांडा प्लास्टिकचा होता आणि तो भांड्याच्या तळातल्या खिळीवर बसतो तिथे झिजून त्याचा कपचा निघाला होता. दोन आठवड्यांचा सगळा चॉप फेकून दिला, त्याआधीचा गोठवलेलासुद्धा, कारण पोपट असली वस्तू चावून गिळू शकतो. विकणाऱ्याला फोटो पाठवले, दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. सुटा दांडा किंवा पाती मिळतच नव्हती. मग दुसरा घेतला तो बघून घेतला: दांडा स्टीलचा आणि पाती सुटी बदलून मिळणारी. हा आता सातव्या महिन्यात आहे, खिळीपाशी झीज नाही, दोरीही नीट आहे. तरीपण दर वेळी भरायच्या आधी दांडा, पाती आणि भांड्याचा तळ उजेडात धरून बोट फिरवून बघते आणि तुम्हीही बघा, भांड्याला खोल ओरखडे पडले की बदला.

गाजराने भांडं केशरी होतं ते काही नुकसान नाही, थोडं तेल चोळून मग साबणाने धुतलं की बरंच जातं.

पक्ष्यांमध्ये काय फरक पडला ते विचाराल तर मोतीला चॉप नियमित खायला सात आठवडे लागले. सकाळी सगळ्यात आधी, भूक असते तेव्हा चॉपची वाटी, वर मिलेट भुरभुरून, आणि रोज मिलेट चिमूटभर कमी. त्याला उपाशी ठेवून नाही, बिया दुपारी मिळायच्याच, कारण छोटा पक्षी भुकेला राहिला तर फार पटकन ढासळतो. रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर वजन करायचे, डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकदम दहा टक्के कमी झालं की थांबायचं नाही, घेऊन यायचं. तशी वेळ आली नाही, आठ महिन्यांत ११२ वरून हळूहळू ९८ ग्रॅम झाला आणि तिथेच आहे. शिंका थांबल्या. नवीन पिसं आली ती वेगळीच दिसतात, हात फिरवला की कळतं. हो, आणि शी पातळ दिसायला लागली तर लगेच घाबरू नका, भाज्यांतल्या पाण्याने लघवीचा भाग वाढतो, मधली घट्ट वळी नीट असेल तर ते जुलाब नसतात. बीट घातलेल्या दिवशी पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये लाल डाग बघून मी रात्री डॉक्टरांना फोन केला होता, तुम्हाला तो करावा लागू नये म्हणून सांगून ठेवलं.

आफ्रिकन ग्रे, अ‍ॅमेझॉन, मकाव असले मोठे पक्षी ज्यांच्याकडे आहेत त्यांना मी हा आग्रहाने घ्या म्हणणार नाही, त्यांना मोठे तुकडे धरून फोडायला आवडतात, त्यांचं काम सुरीनेच चांगलं होतं. बजी, लव्हबर्ड, कॉकटील, छोटे कॉन्युर, विशेषतः बियांवरून भाज्यांवर आणायचे असलेले पक्षी असतील तर मात्र याच्याएवढं सोयीचं मला काही सापडलं नाही. स्टील दांड्याच्या दुसऱ्या चॉपरला पाचपैकी चार, झाकण धुता येत नाही म्हणून एक कापला. पहिल्याला दोन, आणि तेही फक्त मोतीने पहिलं गाजर त्यातलं खाल्लं म्हणून.